आठ कोर दिले, राबत होता एकच : जळगावच्या एका डाळमिलमधलं प्रकरण

जानेवारी २०२४. तुरीची आवक ऐन भरात होती. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि आयशर गाड्या उभ्या होत्या. भुईकाट्याच्या खोलीतली ताई मात्र पडद्याकडे बघत बसलेली. काटापट्टीची खिडकी उघडायला बारा-पंधरा सेकंद, पार्टीचं नाव निवडलं की पुन्हा तेवढेच. गाडी भरलेली आत येताना एकदा आणि रिकामी बाहेर जाताना एकदा, म्हणजे दर गाडीमागे जवळजवळ मिनिटभर नुसतं थांबणं. संध्याकाळी पाच ते सातमध्ये साठ-सत्तर गाड्या काट्यावरून जातात. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते.

तीनच आठवड्यांपूर्वी या मिलचा सर्व्हर मी बदलला होता. जुन्या दोन कोरच्या (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग) यंत्राच्या जागी आठ कोरचं नवं यंत्र आलं होतं, त्यावर एक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे खऱ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला संगणक) उभी केली होती, आणि तिला आठही कोर दिले होते. तरी गर्दीच्या वेळेला चाल जुन्याच यंत्रासारखी. व्हीएम हळू चालते म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो कोर वाढवण्याचा. इथे आकडा आधीच आठ होता, त्यामुळे तो सल्ला कामाचा नव्हता.

आधीचं आणि नंतरचं

जुना सर्व्हर म्हणजे दिवाणजींच्या टेबलाखालचा पेंटियम ड्युअल-कोर. एक सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच), दोन कोर, दोनच थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे). त्यावर विंडोज १० प्रो, एसक्यूएल सर्व्हर २०१७ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती आणि तिच्या आधारावर चालणारं मिलचं सॉफ्टवेअर : काटापट्टी, खरेदीपट्टी, साठा, जीएसटीची बिलं, पार्ट्यांची खाती. डेटाबेस तीन जीबीच्या आसपास. नेटवर्कवरून सात संगणक जोडलेले, त्यातला एक काट्यावर.

डाळमिलमधली धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या यंत्राची अवस्था सांगायला नको. तुरीचं फोलपट आणि चुनीचा भुरका पंख्यात जाऊन बसायचा. दोनदा पॉवर सप्लाय बदलून झाला होता. शेठचं म्हणणं सरळ होतं : "मशीन एक दिवस बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काटा चालू पाहिजे. तूर कोणासाठी थांबत नाही."

म्हणून व्हीएमचा विचार केला. संपूर्ण विंडोज, सॉफ्टवेअर आणि डेटाबेस मिळून एकच मोठी फाइल होते. रोज रात्री तिची प्रत काढून ठेवायची. यंत्र जळालं तरी तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर ठेवून सकाळी काम सुरू करता येतं. नवं यंत्र घेतलं ते आठ कोर, सोळा थ्रेडचं रायझन, ३२ जीबी रॅम आणि वेगवान एनव्हीएमई डिस्कचं. खाली डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, त्यावर व्हीएम चालवणारं केव्हीएम, आणि व्हीएमचा कारभार लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरकडे. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढून ती व्हीएमला जोडली. प्रोसेसरच्या रकान्यात आठ लिहिलं, रॅम १६ जीबी दिली. सोबत काट्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटो साठवायचं कामही खालच्या डेबियनकडेच ठेवलं.

चाचणी मी दुपारी तीन वाजता घेतली. काटा रिकामा होता, ऑफिसात दोनच माणसं होती. साठा अहवाल जुन्या यंत्रावर सोळा मिनिटं घ्यायचा, नव्यावर सहा मिनिटांत आला. मी समाधानाने हार्डडिस्क पिशवीत टाकली आणि निघालो. ही माझी चूक होती. सात संगणकांचं काम एका संगणकावरून, एका अहवालावर तपासलं आणि पास केलं. संध्याकाळी सहाला तिथे थांबलो असतो तर हे प्रकरण त्याच दिवशी हाती लागलं असतं.

गर्दीच्या वेळी काय होत होतं

संध्याकाळी सहाच्या सुमाराला चार कामं एकदम चालतात. दिवाणजी शेठसाठी साठा अहवाल काढतात, हिशेबनीस जीएसटीची नोंदवही उघडतो, तिसरा माणूस पार्ट्यांचे खातेउतारे छापतो, आणि काट्यावर गाड्या सुरूच असतात. काटापट्टीची खिडकी उघडताना सॉफ्टवेअर प्रत्येक पार्टीची बाकी नव्याने मोजतं. हे एकट्याने चाललं तर तीन सेकंदांचं काम आहे.

मी पोचलो तेव्हा साठा अहवालाला एकोणीस मिनिटं लागत होती. जुन्या यंत्रावर त्याच वेळी चोवीस-पंचवीस लागायची. शेठने भरलेल्या पैशांच्या मानाने हा फरक काहीच नव्हता, आणि ते त्यांनी शांतपणे, पण स्पष्ट सांगितलं.

दिवाणजी अमळनेरकडचे. घरात-बाहेर अहिराणीच बोलतात. त्यांनी खुर्ची सरकवून दिली आणि विचारलं, "मंग आते काय करानं भाऊ?"

थराथराने मोजत गेलो

पहिली शंका सगळ्यात खालच्या थराची. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळी सोय असते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या बोर्डांवर बायोसमध्ये ती एसव्हीएम या नावाने असते आणि कित्येकदा बंद असते. ती बंद राहिली तर केव्हीएम चालतच नाही, आणि त्याच्या जोडीचं क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर प्रोसेसरची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये अनुवाद करून चालवतं. तसं असतं तर विंडोज सुरू व्हायलाच चहा पिऊन होईल इतका वेळ लागला असता. तसं नव्हतं. सोय चालू होती, केव्हीएम जागेवर होतं.

मग डेबियनवर टॉप (कोणतं काम प्रोसेसर किती वापरतं ते दाखवणारी आज्ञा) उघडून ठेवलं आणि गर्दीची वाट पाहिली. टॉपमध्ये एक कोर पूर्ण राबला की शंभर टक्के दिसतात, आठ राबले तर आठशे. सहा वाजून दहा मिनिटांनी व्हीएमची ओळ एकशे पाच, एकशे दहाच्या वर चढायला तयार नव्हती. चार माणसं चार कामं करत होती, काट्यावर हॉर्न वाजत होते, आणि आठ कोरच्या यंत्रातला जेमतेम एक कोर घाम गाळत होता. बाकीचे मोकळे.

आता विंडोजच्या आत. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वापर पन्नास-पंचावन्न टक्के. इथे फार जण फसतात. पन्नास टक्के म्हणजे अर्धं यंत्र रिकामं आहे, मग दोष डिस्कचा किंवा नेटवर्कचा, असा निष्कर्ष निघतो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. टक्के कशाचे, हे आधी बघायला हवं. आलेखाच्या खालच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं : सॉकेट २, व्हर्च्युअल प्रोसेसर २. म्हणजे हे दोनाचे पन्नास टक्के होते, आठाचे नव्हेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र प्रोसेसरच्या नावाखाली आठ ओळी नीट मांडलेल्या. विंडोजला आठ दिसत होते, वापरत ती दोनच होती.

याचं कारण परवान्याच्या नियमात आहे. विंडोज १० ची होम आवृत्ती एक सॉकेट वापरते, प्रो दोन. कोर कितीही असोत, ते दोन सॉकेटांत बसले पाहिजेत. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची खाच. कोर म्हणजे त्या एका प्रोसेसरमधले काम करणारे. खऱ्या यंत्रात एका खाचेत आठ कोर असतात, त्यामुळे हा प्रश्न कधी समोर येत नाही. व्हीएममध्ये खाचा आणि कोर दोन्ही कागदावरचे. लिबव्हर्टला नुसतं 'आठ प्रोसेसर' सांगितलं आणि त्यांची मांडणी कशी करायची ते सांगितलं नाही, तर ते आठ वेगळे सॉकेट करून प्रत्येकात एकेक कोर ठेवतं. विंडोज प्रोने त्यातले पहिले दोन सॉकेट घेतले आणि सहा सोडून दिले. कुठे चूक म्हणून संदेश नाही, इशारा नाही.

पण दोन कोर मिळत असताना राबत एकच का होता? यासाठी अजून एक थर आत जावं लागलं. एसक्यूएल सर्व्हर सुरू होताना आपल्या लॉग फाइलमध्ये एक ओळ लिहितो. ती नोटपॅडमध्ये उघडून मी दिवाणजींना मोठ्याने वाचून दाखवली. तिचा मराठीत अर्थ असा : दोन सॉकेट सापडले, दर सॉकेटमध्ये एक कोर, एकूण दोन लॉजिकल प्रोसेसर, परवान्याच्या नियमानुसार एक वापरत आहे. शेवटी असंही लिहिलेलं की हा फक्त माहितीचा संदेश आहे, काही करायची गरज नाही.

एक्सप्रेस आवृत्तीची मर्यादा अशी आहे : एक सॉकेट किंवा चार कोर, यांतलं जे कमी असेल ते. चार कोर फुकटात मिळतात, पण ते चारही एकाच सॉकेटमध्ये असले तरच. आमच्या सॉकेटमध्ये एकच कोर होता, म्हणून डेटाबेसच्या वाट्याला एक आला. सर्व्हरच्या आतली शेड्युलरची (कोरवर कामं पाळीने सोडणाऱ्यांची) यादी काढून बघितली, तिथेही एकच ऑनलाइन, दुसरा ऑफलाइन. कुठलंही काम लॉकवर, म्हणजे दुसऱ्या कामाने धरून ठेवलेल्या नोंदीवर, अडलेलं नव्हतं. सगळी त्या एका शेड्युलरसमोर रांग लावून, थोडं थोडं आलटून पालटून चालत होती. काट्याच्या तीन सेकंदांचे बारा का होत होते ते इथे उघड झालं : चार जण एकाच माणसाच्या हातून काम करून घेत होते.

जुन्या पेंटियमवर सॉकेट एकच होता आणि त्यात दोन कोर होते, म्हणजे एसक्यूएलला तिथे दोन मिळत होते. नव्या यंत्रावर आणून मी ते एकावर आणले. नवा कोर जुन्यापेक्षा बराच वेगवान होता, एवढ्याच कारणाने सगळं अगदी ठप्प झालं नाही.

दिवाणजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आठ बैल शेतस आनि नांगरले एकच जुपेल शे."

दुरुस्तीची रात्र

साडेआठला शेवटची गाडी गेली. आधी व्हीएम पूर्ण बंद केली आणि फाइलची प्रत काढायला लावली. प्रत होईपर्यंत शेठच्या घरून भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या आल्या. जानेवारीतलं जळगावचं भरीत, तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं. त्या धुराच्या वासात अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

मग व्हीएमच्या प्रोसेसरच्या पानावर मांडणी हाताने ठरवायचा पर्याय निवडला : सॉकेट १, कोर ६, थ्रेड १. या तिघांचा गुणाकार एकूण प्रोसेसरच्या आकड्याइतकाच यावा लागतो, नाही तर लिबव्हर्ट बदल घेत नाही. प्रोसेसरचा प्रकार होस्टसारखाच (खालच्या खऱ्या यंत्रासारखाच) ठेवला, म्हणजे खऱ्या प्रोसेसरच्या सगळ्या सोयी आत दिसतात. हा बदल व्हीएम बंद करून पुन्हा चालू केल्यावरच लागू होतो. आत विंडोजमधून रिस्टार्ट केलं तर खालची प्रक्रिया जुनीच राहते आणि माणूस म्हणतो, बदल करूनही काही झालं नाही.

व्हीएम सुरू केली, टास्क मॅनेजर उघडला. सॉकेट १. व्हर्च्युअल प्रोसेसर २.

सहा हवे होते. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा दोन. डेबियनवर व्हीएमची प्रक्रिया कोणत्या आज्ञेने सुरू झाली ते तपासलं, तिथे एक सॉकेट, सहा कोर स्वच्छ लिहिलेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सहा ओळी. पावणेअकरा वाजले होते, आणि माझी सगळी उपपत्तीच चुकली असं वाटायला लागलं होतं. सगळं मागे फिरवून उद्या नव्याने विंडोज टाकायचं का, इथपर्यंत विचार गेला.

तोडगा मिळाला तो आकड्याकडे नीट बघितल्यावर. सॉकेट बरोबर बदलला होता, दोनाचा एक झाला होता. म्हणजे मांडणी आत पोचत होती. अडत होता फक्त प्रोसेसरचा आकडा, आणि तो नेमका जुन्या यंत्राच्या कोरांइतका होता. म्हणजे हे जुन्या यंत्रातूनच सोबत आलेलं असणार. एमएसकॉन्फिग हे विंडोजचं सेटिंगचं साधन उघडलं, बूटच्या पानावर प्रगत पर्यायांत गेलो. 'प्रोसेसरची संख्या' या चौकटीत बरोबरची खूण, आणि समोर २.

कधीतरी कोणीतरी यंत्र वेगवान करायचा उपाय म्हणून ती खूण केली असणार. हा उपाय गावोगाव पसरलेला आहे, आणि तो करणारा चांगल्या हेतूनेच करतो. पण त्या चौकटीने वेग कधीच वाढत नाही. विंडोज तशीही सगळे प्रोसेसर घेतेच. ती चौकट फक्त वरची मर्यादा घालते. दोन कोरच्या यंत्रावर दोनाची मर्यादा कोणाच्या लक्षात येणार? डिस्कची प्रतिमा काढली तेव्हा ती खूणही सोबत आली. सुरुवातीला दिसलेल्या त्या 'दोन' मागे अशी दोन कारणं एकावर एक बसली होती. सॉकेटचं कारण सापडल्यावर मी दुसरं शोधलं नाही, कारण आकडा पहिल्याने पूर्ण जुळत होता.

खूण काढली, रिस्टार्ट केलं. या वेळी आतून रिस्टार्ट पुरतो, कारण सेटिंग विंडोजचंच. व्हर्च्युअल प्रोसेसर ६. एसक्यूएलच्या लॉगमधली ओळ : एक सॉकेट, सहा कोर, परवान्याच्या नियमानुसार चार वापरत आहे.

सहाच का, आठ का नाहीत, हे शेठने दुसऱ्या दिवशी विचारलं. एक्सप्रेस चारांच्या पुढे जाणार नाही. विंडोज, अँटिव्हायरस आणि छपाईला दोन पुरतात. उरलेले दोन खऱ्या यंत्राकडे राखले, कारण कॅमेऱ्याचे फोटो आणि रात्रीची प्रत हे काम डेबियन करतं, आणि व्हीएमची डिस्क व नेटवर्क हलवायलाही त्यालाच वेळ लागतो. सगळे कोर पाहुण्याला दिले तर घरच्यांनी स्वयंपाक कुठे करायचा?

हीच गोष्ट रॅमची. एक्सप्रेस २०१७ डेटाबेसची पानं साठवायला फक्त १४१० एमबी वापरते, मग व्हीएमला १६ जीबी द्या नाही तर ३२. आणि एका डेटाबेसचा आकार १० जीबीच्या वर जाऊ देत नाही. मिलला त्या मर्यादेपर्यंत पोचायला बरीच वर्षं आहेत, पण शेठला हे तेव्हाच सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी

या वेळी पाच वाजल्यापासून तिथेच बसलो. काटापट्टीची खिडकी तीन सेकंदांत उघडत होती, गर्दीतही चारच्या वर गेली नाही. ताईने तीन गाड्या लागोपाठ सोडल्या आणि मग मागे वळून बघितलं. टॉपमधली ओळ तीनशे साठ-सत्तरपर्यंत चढत होती. साठा अहवाल, बाकी तिघं काम करत असताना, साडेसहा मिनिटांत आला. आदल्या दिवशी एकोणीस लागली होती.

शेठने घड्याळ लावून सगळं बघितलं आणि नेमका प्रश्न विचारला. "एकटाच चालवला तर किती?"

एकटाच चालवला. सहा मिनिटं. कोर चौपट झाले होते आणि अहवाल एका सेकंदानेही लवकर आला नव्हता.

हे मला अपेक्षित होतं, पण ते शेठना पटेल असं सांगणं महत्त्वाचं होतं. मी त्यांना मागच्या पटांगणाकडे नेलं. तूर रोलरमधून काढून तिच्या सालीला ओरखडे पाडतात, तेल-पाणी लावून ढीग रात्रभर मुरू देतात, मग उन्हात पसरतात, आणि वाळल्यावर ती पुन्हा रोलरला लावून साल काढतात, डाळ पाडतात. मी विचारलं, रोलर एकाचे चार केले तर एक पोतं किती लवकर तयार होईल? शेठ हसले. मुरायचं आणि वाळायचं ते तेवढंच घेणार. पण चार पोती एकदम आली तर ती रोलरपाशी एकमेकांसाठी थांबणार नाहीत. संगणकाच्या बाबतीत हा हिशेब जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडला : कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, त्याच्यापुढे कितीही प्रोसेसर लावले तरी एकूण वेळ त्या भागाच्या खाली येत नाही.

आमच्या अहवालाच्या बाबतीत तर सगळंच काम एकामागून एक होतं. मोठ्या आवृत्त्यांत एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसला विचारलेला एकच प्रश्न तोडून अनेक कोरांना वाटून देऊ शकतो. एक्सप्रेसमध्ये ती सोय नाही. अहवालाचा प्रत्यक्ष आराखडा (डेटाबेस तो कोणत्या पायऱ्यांनी तयार करतो ते) काढून त्याचे गुणधर्म बघितले, तर समांतर आराखडा का केला नाही याचं कारणच तिथे नोंदलेलं होतं : एक्सप्रेस आवृत्तीत समांतर आराखडे नाहीत. म्हणजे चार माणसांना चार कोर मिळतात, पण एका माणसाचा एक अहवाल एकाच कोरवर चालतो.

त्याच आराखड्यात खरा खर्चही दिसला. प्रत्येक माल आणि प्रत्येक गोदामासाठी नोंदींचा तक्ता पहिल्या दिवसापासून शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला जात होता. माल, गोदाम आणि तारीख यांचा इंडेक्स, म्हणजे हवी ती नोंद पटकन शोधून देणारी सूची, नव्हता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला फोन केला, त्याने दुसऱ्याच दिवशी दुरून जोडून आधी प्रतीवर इंडेक्स बांधला, आकडे जुळतात का ते दिवाणजींनी वहीशी ताडून पाहिले, मग खऱ्या डेटाबेसवर बांधला. साठा अहवाल चाळीस सेकंदांत यायला लागला. ही करामत कोरांची नाही, आणि कोरांनी जे काम केलं ते इंडेक्सने झालं नसतं. खातेउतारा, जीएसटी आणि काटा एकमेकांच्या रांगेतून सुटले ते कोरांमुळेच.

दुसरीकडे हेच कसं दिसतं

या प्रकरणानंतर खानदेशात ओळखीच्या चार-पाच ठिकाणी जाऊन मी व्हीएमचे आकडे तपासले. प्रत्येक ठिकाणी अडायची जागा वेगळी निघते.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवी व्हीएम करताना लक्ष दिलं नाही तर कित्येकदा एकच प्रोसेसर मिळतो. सिस्टीमच्या पानावर प्रोसेसरची पट्टी असते, तिचा हिरवा भाग खऱ्या कोरांपर्यंत आणि लाल त्यापुढे. पट्टी करडी पडून हलत नसेल तर व्हीएम बहुधा पूर्ण बंद नसते, जतन करून ठेवलेल्या अवस्थेत असते. एकापेक्षा जास्त प्रोसेसरसाठी आय/ओ एपीआयसी हे सेटिंग चालू लागतं. प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सॉकेट आणि कोर हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींत सुरुवातीला एक असतो. घाईत माणूस सॉकेटचा वाढवतो आणि विंडोज असेल तर आमच्यासारखाच अडकतो. व्हीएमच्या आत लिनक्स असेल तर सॉकेटची अशी मर्यादा नाही, तिथे आठ सॉकेट दिले तरी आठही कामाला लागतात. म्हणून लिनक्सवर शिकलेल्या माणसाला विंडोजची ही खोच उशिरा कळते. माझं तेच झालं.

सगळ्यात अवघड भेटली ती एका जिनिंगच्या काट्यावरची जुनी विंडोज एक्सपी. जुन्या काट्याच्या सॉफ्टवेअरसाठी ती व्हीएममध्ये जपून ठेवली आहे. एक्सपी ज्या यंत्रावर बसवली त्याला एकच प्रोसेसर असेल तर ती एकाच प्रोसेसरचा हार्डवेअर थर (विंडोजचा हार्डवेअरशी बोलणारा भाग) टाकते, आणि पुढे व्हीएमला दोन दिले तरी तो थर बदलेपर्यंत एकावरच चालते. तिथे मी हात लावला नाही. एका माणसाच्या, एका खिडकीच्या कामाला एक कोर भरपूर होता, आणि चालत्या काट्याशी ऐन कापसाच्या हंगामात खेळणं बरोबर नव्हतं.

डाळमिलमध्ये सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार ओळी : खरं यंत्र ८, व्हीएम ६, विंडोज ६, एसक्यूएल ४. हे आकडे कुठे बघायचे ते दिवाणजींना दाखवून ठेवलं. फेब्रुवारीत, हरभऱ्याची आवक सुरू झाल्यावर, एका सकाळी विंडोजचं अपडेट झालं आणि यंत्र आपोआप रिस्टार्ट झालं. काटा सुरू व्हायच्या आधीच दिवाणजींचा फोन आला. त्यांनी टास्क मॅनेजर उघडला होता, लॉगमधली ओळही शोधली होती.

"विंडोज सहा, एसक्यूएल चार. बराबर शे ना भाऊ?"